सारकोमाच्या शस्त्रक्रियेनंतर हात पुन्हा कामाला लावताना

या लेखातला सारकोमा हा स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या, नसा (मज्जातंतू) आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू अशा मऊ ऊतींमध्ये होणारा कर्करोग आहे. प्रौढांच्या सर्व कर्करोगांमध्ये त्याचे प्रमाण जेमतेम १ टक्का असल्यामुळे नागपुरातल्या फिजिओथेरपी केंद्रांत मोडलेली मनगटे, जखडलेले खांदे आणि लकव्याचे रुग्ण रोज येत असले, तरी हाताच्या सारकोमाचा रुग्ण एखाद्या थेरपिस्टने कित्येक वर्षांत पाहिलेला नसतो. म्हणून या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना आरंभीच देतो: शस्त्रक्रियेचा तपशील असलेल्या कागदाची, म्हणजे ऑपरेशन नोटची, प्रत रुग्णाने मागून घ्यावी आणि व्यायाम शिकवणाऱ्या प्रत्येकासमोर ती आधी ठेवावी. डिस्चार्ज कार्डावर बहुधा ‘डाव्या बाहूतील गाठ काढली’ एवढेच लिहिलेले असते. कोणता स्नायू किती गेला, कोणती नस वाचली, कोणती कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) कुठून काढून कुठे जोडली, हे ऑपरेशन नोटमध्येच सापडते. दोघांची गाठ एकाच जागी असली तरी आतले काम निराळे असू शकते, आणि एकाला सांगितलेला व्यायाम दुसऱ्याचा टाका उसवू शकतो.

पूर्वी अशा गाठीसाठी बहुधा हातच काढून टाकत. अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ४३ रुग्णांवर केलेल्या आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अवयव कापलेल्या आणि अवयव राखून रेडिएशन (किरणोपचार) दिलेल्या रुग्णांच्या जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. तेव्हापासून शक्य असेल तिथे हात राखण्याचीच पद्धत रूढ झाली. मात्र राखलेला हात आपोआप चालू लागत नाही. त्यासाठी पुढचे कित्येक महिने ठरावीक क्रमाने काम करावे लागते, आणि त्या कामाची सुरुवात शस्त्रक्रियेच्या आधी होते.

पायरी १ : शस्त्रक्रियेच्या आधी

सारकोमा काढताना गाठीभोवतीचा निरोगी ऊतींचा थरही सोबत काढावा लागतो, त्यामुळे गाठीपेक्षा बरेच जास्त काही जाते. सर्जनला स्पष्ट विचारावे: कोणते स्नायू जाणार, मुख्य नसांपैकी एखादी गाठीला चिकटली आहे का, जखम सरळ शिवली जाणार की त्वचा किंवा मांस दुसरीकडून आणून बसवणार, आणि रेडिएशन आधी आहे की नंतर. हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत, कारण त्या खोलीत बसल्यावर माणसाला काही सुचत नाही आणि सोबत आलेले काका भलतेच विचारत राहतात.

दुसरे काम म्हणजे हाताची आजची स्थिती नोंदवणे. मोबाइलवर दोन्ही हातांचे चित्रीकरण करावे: हात सरळ डोक्यावर नेणे, कोपर वाकवणे, मनगट वर-खाली करणे, घट्ट मूठ, अंगठ्याचे टोक करंगळीच्या मुळाला लावणे, शर्टाचे बटण लावणे. मुठीची ताकद यंत्रावर आणि सांध्यांचे कोन कोनमापकावर मोजून घेतल्यास उत्तम. तीन महिन्यांनी ‘काहीच सुधारणा नाही’ असे वाटू लागते, तेव्हा या नोंदी कामी येतात.

विदर्भात खर्ऱ्याविषयी वेगळे बोलावेच लागते. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. दुसऱ्या जागेवरून आणलेला मांसाचा तुकडा, ज्याला फ्लॅप म्हणतात, अशाच बारीक वाहिन्या जोडून जिवंत ठेवलेला असतो. खर्रा, बिडी, तंबाखू, गुटखा हे सर्व काही आठवडे आधी बंद झाले पाहिजे आणि जखम भरेपर्यंत बंद राहिले पाहिजे. भेटायला येणाऱ्या मित्रमंडळींनाही घरच्यांनी हे बजावावे, कारण पुडी तेच घेऊन येतात.

पायरी २ : पहिले दहा-बारा दिवस

या काळात हाताचा मुख्य शत्रू सूज आहे. सुजेतील पाणी प्रथिनयुक्त असते. ते कंडरांभोवती आणि सांध्यांच्या आवरणात साचून राहिले की हळूहळू घट्ट होते आणि बोटे जखडतात. एकदा जखडलेला बोटाचा सांधा मोकळा करायला लागणारे महिने पाहिले, तर पहिल्या आठवड्यात हात नीट उंच ठेवण्याइतके स्वस्त औषध नाही.

हात उंच ठेवायचा म्हणजे पंजा कोपरापेक्षा वर आणि कोपर छातीपेक्षा वर. झोपताना दोन उशा किंवा घडी केलेली गोधडी हाताखाली द्यावी. गळ्यात अडकवलेल्या झोळीत बहुतेकांचा पंजा कोपराच्या खाली लोंबकळतो, आणि संध्याकाळपर्यंत पंजाच्या पाठीवरच्या सुरकुत्या दिसेनाशा होतात. तिथे अंगठा दाबला तर खळगा राहतो. असे झाल्यास झोळी आखूड करावी, आणि बसलेले असताना ती काढून हात उशीवर ठेवावा. बांगड्या, अंगठी, मनगटावरचा धागा शस्त्रक्रियेआधीच उतरवावा. देवाचा धागा असेल तर तो दुसऱ्या हातात बांधता येतो.

जी बोटे पट्टीच्या बाहेर आहेत आणि ज्यांना हलवायची परवानगी आहे, ती दिवसभर थोडी-थोडी हलवत राहावीत. गाठ कोपराच्या पुढच्या हातात असली तरी खांदा विसरू नये. तीन आठवडे हात पोटाशी धरून बसलेल्या माणसाचा, शस्त्रक्रियेशी काहीही संबंध नसलेला खांदा जखडतो आणि मग दोन आजारांवर उपचार करावे लागतात. परवानगी मिळताच झोपून, दुसऱ्या हाताच्या आधाराने, हात दिवसातून काही वेळा वर न्यावा.

फ्लॅप बसवला असेल तर पहिल्या काही दिवसांत त्याचा रंग आणि ऊब यांवर नर्सची नजर असतेच, पण सोबतच्या माणसालाही माहिती असावी. फ्लॅप पांढराफटक आणि गार पडला किंवा निळा-जांभळा होऊन फुगू लागला, तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता त्याच क्षणी सांगावे. अडलेली वाहिनी मोकळी करण्यासाठी हाती काही तासच असतात.

पायरी ३ : जोडलेले सांभाळणे

त्वचेचा पातळ थर लावला असेल तर तो पकडेपर्यंत, साधारण ५ ते ७ दिवस, तो भाग स्थिर ठेवतात. कंडरा दुसरीकडे वळवून जोडली असेल तर बहुधा ३ ते ४ आठवडे स्प्लिंट, म्हणजे हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा साचा, असते, आणि जोर लावायला त्यानंतरही बरेच आठवडे मनाई असते. नस शिवली असेल तर जवळपास ३ आठवडे तिच्यावर ताण येईल अशी हालचाल टाळतात. नेमका आकडा मात्र सर्जनचाच मानावा.

नुसत्या विश्रांतीसाठी दिलेल्या स्प्लिंटमध्ये सहसा मनगट २० ते ३० अंश मागे, बोटांच्या मुळाचे सांधे ७० ते ९० अंश वाकलेले आणि पुढची पेरे सरळ असतात. रुग्णाला ही स्थिती विचित्र वाटते आणि तो बोटे सपाट करून मागतो. पण मुळाच्या सांध्यांचे बाजूचे बंध सरळ स्थितीत सैल असतात आणि सैल राहून आखडतात, म्हणून हा आकार जाणूनबुजून दिलेला असतो. कंडरा किंवा नस जोडली असेल तर स्थिती वेगळी असते.

स्प्लिंटचे प्लास्टिक साधारण ६० ते ७० अंश तापमानाच्या पाण्यात मऊ करून हातावर घडवतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा उन्हात उभ्या केलेल्या कारच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिक्कीत ठेवलेले स्प्लिंट चपटे होऊन बाहेर येते. ते घरी गरम पाण्यात घालून पुन्हा वाकवण्याचा उद्योग करू नये. धुताना थंड पाणी आणि साबण वापरावा, आत सुती मोजा घालावा आणि उन्हाळ्यात तो दिवसातून दोनदा बदलावा, कारण घामाने ओल्या राहिलेल्या नव्या त्वचेला फोड येतात.

पायरी ४ : हालचाल

परवानगी मिळाल्यावर सुरुवात बोटांच्या पाच स्थितींपासून करतात. कोपर टेबलावर टेकवून पंजा उभा धरावा. पहिली स्थिती, सर्व बोटे सरळ. दुसरी, मुळाचे सांधे सरळ ठेवून फक्त पुढची पेरे आकड्यासारखी वळवणे. तिसरी, पूर्ण मूठ. चौथी, मुळाशी काटकोन आणि बोटे सपाट, म्हणजे टेबलाचा आकार. पाचवी, बोटांची टोके तळहाताच्या खालच्या भागाला टेकतील पण शेवटची पेरे सरळ राहतील अशी मूठ. प्रत्येक स्थितीत कंडरा वेगवेगळ्या अंतराने सरकतात आणि आसपासच्या व्रणाला, म्हणजे जखम भरल्यावर उरणाऱ्या घट्ट ऊतीला, चिकटत नाहीत. प्रत्येक स्थिती चार-पाच सेकंद धरावी आणि पाच ते दहा फेऱ्या कराव्यात. सकाळी एकदाच अर्धा तास घाम गाळण्यापेक्षा दर दोन तासांनी पाच मिनिटे देणे फार गुणकारी असते. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि निम्मे जण तरीही सकाळीच सगळे उरकतात.

व्यायाम किती करावा, याचा अंदाज दुसऱ्या दिवशीच्या हातावरून घ्यावा. ताणल्याची कळ यावी, पण ती तासाभरात शमावी. सकाळी पंजा सुजलेला आणि बोटे आदल्या दिवसापेक्षा कडक असतील तर कालचा व्यायाम जास्त झाला. घरच्या कुणी जोर लावून बोटे वाकवून देऊ नयेत. तसे केल्याने आतले तंतू फाटतात, पुन्हा सूज येते आणि व्रण वाढतो.

प्रगती मोजायला साधी पट्टी पुरते: मूठ वळवल्यावर मधल्या बोटाचे टोक आणि तळहाताची आडवी रेघ यांत किती सेंटिमीटर अंतर उरले, ते आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, वहीत लिहावे. खांद्यासाठी भिंतीकडे तोंड करून बोटे वर चालवत न्यावीत आणि पोहोचले तिथे पेन्सिलची खूण करावी.

पायरी ५ : व्रण आणि रेडिएशन

जखम पूर्ण भरल्यावर, खपली उरली नसताना आणि सर्जनने होकार दिल्यावर, व्रणावर साधे मलम किंवा खोबरेल लावून बोटाच्या पेराने गोलाकार आणि आडवे दाबावे. त्वचा नुसती चोळायची नसून खालच्या थरावरून सरकवायची असते. सिलिकॉनची पट्टी बरीच उपयोगी पडते, पण घामाच्या दिवसांत तिच्याखाली पुरळ येते, तेव्हा थोड्या तासांपासून सुरुवात करावी.

शस्त्रक्रियेआधी रेडिएशन दिले तर सहसा २५ वेळांत मिळून ५० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक), आणि नंतर दिले तर ६० ते ६६ ग्रे देतात. कॅनडातील चाचणीत, जिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, आधी रेडिएशन घेतलेल्यांपैकी ३५ टक्के आणि नंतर घेतलेल्यांपैकी १७ टक्के रुग्णांना जखमेचा त्रास झाला. हा त्रास मांडीत अधिक आणि हातात बराच कमी होता. उलट, रेडिएशन नंतर घेतलेल्यांमध्ये पुढे ऊती कडक होण्याचा कल जास्त दिसला. म्हणजे आधी रेडिएशन झालेल्याने जखमेबाबत धीर धरावा, आणि नंतर होणार असलेल्याने ते सुरू होण्यापूर्वीच्या आठवड्यांत शक्य तितकी हालचाल मिळवून घ्यावी.

रेडिएशन चालू असताना त्वचा लाल झाली किंवा सोलली तर मालिश थांबवावी, पण सांध्यांची हालचाल थांबवू नये. ऊती कडक होण्याची क्रिया रेडिएशन संपल्यावर कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे, चालू राहते. सहा महिन्यांनी हात छान चालतो म्हणून ताण देणे सोडलेले रुग्ण वर्षभराने जखडलेले कोपर घेऊन परत येतात.

काही गोष्टी मात्र करूच नयेत. गाठीच्या जागेवर अल्ट्रासाउंड किंवा खोलवर उष्णता देणारी यंत्रे ऑन्कोलॉजिस्टच्या, म्हणजे कर्करोगतज्ज्ञाच्या, स्पष्ट परवानगीशिवाय लावू देऊ नयेत. केंद्रातला मदतनीस सवयीने ती लावायला येतो, तेव्हा कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आहे हे रुग्णाने स्वतःच सांगावे. बधिर किंवा रेडिएशन झालेल्या त्वचेवर गरम पिशवीचा शेक घेऊ नये. हाडवैद्याकडची जोरदार मालिश आणि ओढाताण पूर्ण वर्ज्य समजावी.

पायरी ६ : नस गेली असेल तर

रेडियल नस गेली तर मनगट लोंबते आणि पकड कमजोर होते, कारण मनगट मागे ताठ राहिल्याशिवाय मूठ आवळत नाही. मीडियन नस गेली तर अंगठा बोटांसमोर येत नाही आणि चिमूट हरवते. अल्नर नस गेली तर करंगळी आणि अनामिका नखीसारख्या वळतात. नस शिवली किंवा पायातली नस काढून मध्ये जोडली, तर तिची वाढ दिवसाला साधारण १ मिलिमीटर होते. बाहूच्या वरच्या भागापासून पंजापर्यंत ४० सेंटिमीटर अंतर असेल, तर पोहोचायलाच वर्षाहून अधिक काळ लागतो. तोवर पंजातले छोटे स्नायू कमकुवत झालेले असतात. म्हणूनच रेडियल नसेच्या बाबतीत सर्जन अनेकदा चालू असलेल्या स्नायूची कंडरा मनगट आणि बोटे उचलण्याच्या कामाला लावतात. त्यानंतर मेंदूला नवी सवय लावावी लागते: जो स्नायू हात पालथा करायचा तोच आता मनगट उचलतो, म्हणून सुरुवातीला हात पालथा करण्याचा विचार करत मनगट उचलण्याचा सराव करतात.

संवेदना गेलेली बोटे स्वयंपाकघरात धोकादायक असतात. तवा, कुकरचे झाकण, चहाचा स्टीलचा पेला यांना आधी चांगला हात लावून पाहावा आणि रोज रात्री बोटांवर फोड किंवा काप आहे का ते तपासावे. संवेदना परत येऊ लागली की मुंग्या आणि झिणझिण्या येतात, कधी साधे कापडही सहन होत नाही. अशा वेळी हात झाकून न ठेवता कापूस, सुती कापड, टॉवेल, मग तांदळाच्या डब्यात पंजा, अशा क्रमाने दिवसातून काही वेळा सवय करावी. नंतर डोळे मिटून नाणे, किल्ली, बटण, शेंगदाणा ओळखण्याचा सराव करावा.

पायरी ७ : ताकद आणि रोजचे काम

जोर लावण्याची परवानगी सहसा दोन-तीन महिन्यांनी मिळते. पहिल्यांदा पाण्यातला स्पंज पिळावा, मग व्यायामासाठी मिळणारी मऊ पुट्टी (दाबायचा लवचीक गोळा), मग सैल भिजवलेली कणीक. कपड्यांचे चिमटे उघडून दोरीवर लावणे हा चिमटीचा उत्तम व्यायाम आहे. हिवाळ्यात नागपूरच्या घरी संत्र्यांचा तोटा नसतो. साल काढणे, फोडी वेगळ्या करणे, वरचे धागे ओढणे यांत अंगठा आणि तर्जनी यांचे सर्व प्रकारचे काम होते. तुरीच्या शेंगा सोलणे आणि मिसळलेले मूग-हरभरे निवडणे त्यानंतरचे. भाकरी थापणे मात्र उशिरा घ्यावे, कारण त्यात मनगटाला धक्के बसतात आणि तवाही जवळ असतो.

अंगवळणी पडलेल्या कामांची यादी करून एकेक काम परत मिळवावे: ब्लाउजचे हुक, सलवारची नाडी, वेणी, कुलूप, सही, मोबाइल. जे येत नाही त्यासाठी उपाय असतात. चमच्याच्या आणि पेनच्या दांड्यावर सायकलच्या मुठीचे रबर किंवा फोम चढवला की पकड जमते, आणि खिळे ठोकलेल्या पाटावर कांदा रोवला की एका हाताने चिरता येतो. स्कूटर चालवण्याची घाई नागपुरात सर्वांना असते. दोन्ही ब्रेक पूर्ण दाबता आल्याशिवाय आणि अचानक हँडल वळवता आल्याशिवाय ती चालवू नये, मग गाडी बिनागिअरची का असेना.

पायरी ८ : लिम्फची सूज

काखेतील लिम्फच्या, म्हणजे ऊतींतले पाणी वाहून नेणाऱ्या जाळ्यातल्या, ग्रंथी काढल्या असतील किंवा तिथे रेडिएशन झाले असेल, तर महिन्यांनी, कधी वर्षांनीही, हात जड वाटू लागतो आणि बाही घट्ट होते. ठरावीक चार जागी टेपने घेर मोजून दोन्ही हातांची तुलना ठेवावी. त्वचा कोरडी पडू देऊ नये, भाजी चिरताना किंवा कुंडीत काम करताना हातमोजा घालावा आणि लहान जखमही लगेच धुवावी. दाब देणारी बाही मापाची असावी, बाजारातून अंदाजाने आणलेली नव्हे.

पायरी ९ : नागपुरात कुठे आणि कोणते कागद

मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, फिजिओथेरपी आणि व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) हे दोन्ही विभाग आणि त्यांची प्रशिक्षण केंद्रे आहेत. हाताच्या बारीक कामांसाठी आणि स्प्लिंटसाठी व्यवसायोपचार विभाग विचारावा. कर्करोगाच्या उपचारांसाठी जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि मिहानमधील एम्स आहेत. गोंदिया, चंद्रपूर किंवा बालाघाटहून येणाऱ्यांना रोज येणे परवडत नाही. त्यांनी थेरपिस्टला व्यायाम मोबाइलवर चित्रित करू द्यायची विनंती करावी आणि तपासणीच्या दिवशीच थेरपीची वेळ घ्यावी. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री एसी वर्गात तिकीट पूर्ण माफ असते, सोबत्याला ७५ टक्के सवलत असते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातील दाखला लागतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर शस्त्रक्रियेआधीच चौकशी करावी. हातातील दोष कायमचा राहिला आणि तो ४० टक्के किंवा अधिक ठरला, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील बहुतेक लाभ मिळू शकतात. अर्ज यूडीआयडी (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) संकेतस्थळावर करावा लागतो आणि ऑपरेशन नोट तिथेही उपयोगी पडते.

पुढील लक्षणे दिसल्यास थेरपीच्या तारखेची वाट न पाहता सर्जनला गाठावे: व्रणाजवळ नवी गाठ, ताप आणि लालसर गरम त्वचा, जखमेतून पाणी किंवा पू, हात एकाएकी सुजून दुखणे, काल येत असलेली हालचाल आज नाहीशी होणे, किंवा पंजा सतत जळजळून चकाकता, सुजलेला आणि हलक्या स्पर्शालाही असह्य होणे. सारकोमा पसरला तर बहुधा फुप्फुसात जातो, म्हणून पहिली दोन-तीन वर्षे साधारण दर तीन-चार महिन्यांनी हात आणि छाती दोन्हींची तपासणी होते. हात उत्तम चालत असला तरी या तारखा चुकवू नयेत, आणि घेर व अंतरे लिहिलेली वही प्रत्येक वेळी सोबत न्यावी.